रक्ताची पिशवी आणि पाच काविळी

शिबिरात रक्त द्यायला येणारी माणसं सहसा ठणठणीत असतात. वजन भरलेलं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, रक्तदाब बरोबर. आजारी माणसाला तिथे खाटेवर घेतच नाहीत. आणि तरीही त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात काविळीचा विषाणू बिनबोभाट राहत असतो. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, जेवणखाण झकास. रक्तपेढीतून फोन येतो तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं.

या विषाणूंनी डॉक्टरांना शंभर वर्षं हुलकावण्या दिल्या. त्यांचा माग कोणी काढला, कसा काढला आणि आज तुमच्या-आमच्या पिशवीची झडती कशी घेतात, याचे किस्से एकाहून एक सरस आहेत. जवळजवळ प्रत्येक किश्शात मध्यभागी उभा आहे तो रक्तदाता.

पाच अक्षरं, दोन वाटा

आधी ओळखपरेड. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी, ई. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातात. पावसाळ्यात गावोगाव येते ती साथ यांची. बी, सी आणि डी रक्तावाटे पसरतात: वापरलेली सुई, दुसऱ्याचं पातं, असुरक्षित संबंध, बाळंतपणात आईकडून बाळाला. रक्तपेढीची रोजची लढाई बी आणि सीशी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, शेजारी बसल्याने बी किंवा सी होत नाही. हे घरोघर सांगायला हवं, कारण या गैरसमजापायी माणसं आपल्याच घरात परकी होतात.

बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा, सात दिवस तग धरतो. त्याचा वयाचा हिशेबही विचित्र आहे. तान्ह्या बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. म्हणजे आज तिशीतल्या दात्याच्या रक्तात सापडलेला बी कित्येकदा त्याच्या जन्माच्या वेळीच आलेला असतो. तेव्हा त्याने 'काय चूक केली' हा प्रश्नच गैरलागू.

किती दात्यांमध्ये सापडतो? देशभरातल्या रक्तपेढ्यांची २०१५ सालची आकडेवारी गोळा केली गेली, तेव्हा शंभर पिशव्यांमागे एकीहून किंचित कमी पिशवीत बी आणि हजारामागे तीन-चार पिशव्यांत सी निघाला. एचआयव्हीचं प्रमाण याच्या कितीतरी खाली. एचआयव्हीचं नाव ऐकून आपण दचकतो, पण रक्तपेढीत पिशव्या सगळ्यात जास्त बाद होतात त्या बीमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये भारतात बीचे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. त्यांतल्या बहुतेकांना आपण रुग्ण आहोत याची गंधवार्ताही नाही.

ब्रेमेनचे कामगार, अमेरिकेची फौज

१८८३. जर्मनीत ब्रेमेनच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी लशीचा द्रव माणसांच्याच अंगावरच्या फोडांतून घेत. पुढच्या काही महिन्यांत १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यात नंतर कामाला लागलेल्यांना ती लस मिळाली नव्हती. त्यांना काहीच झालं नाही. लुरमान नावाच्या डॉक्टरने हा सगळा हिशेब नीट मांडून ठेवला. टोचणीतून कावीळ पसरते, याची ही पहिली पक्की नोंद.

ती कुणी मनावर घेतली नाही, आणि त्याची किंमत ६० वर्षांनी अमेरिकी सैन्याने मोजली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना पीतज्वराची लस दिली जात होती. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, मिसळत. हे सीरम देणारे दाते कोण? बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले वैद्यकीय विद्यार्थी, परिचारिका, तरुण डॉक्टर. याहून विश्वासाचे दाते कुठे मिळणार! पण त्यांतल्या काहींच्या रक्तात बी होता. १९४२ मध्ये सुमारे ५० हजार सैनिक कावीळ होऊन इस्पितळात पडले. पुढे १९८० च्या दशकात या जुन्या सैनिकांचं रक्त तपासलं, तेव्हा लागण तीन लाखांहून जास्त जणांना झाली असावी असा अंदाज निघाला. पीतज्वर टळला, कावीळ आली.

या घटनेतून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: दाता सुशिक्षित आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर आहे, यावरून त्याच्या रक्ताबद्दल काहीच ठरत नाही.

ऑस्ट्रेलियातलं रक्त, न्यूयॉर्कचा रुग्ण

आता या कथेतला सगळ्यात भन्नाट योगायोग. बारूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन डॉक्टर काविळीच्या मागे नव्हतेच. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या रक्तातली प्रथिनं वेगळी का असतात, या कुतूहलापोटी ते जगभरातून रक्ताचे नमुने गोळा करत होते. त्यांची युक्ती साधी होती. ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशा रुग्णाचं सीरम आणि दुसऱ्या कुणाचं रक्त जेलीसारख्या थरात समोरासमोर ठेवायचं. दोघांची गाठ पडून काही प्रतिक्रिया झाली, तर मधोमध एक बारीक रेघ उमटते.

हार्वी आल्टर हा तरुण डॉक्टर ब्लूमबर्गांच्याच संस्थेच्या रक्तपेढीत होता. १९६३ च्या सुमारास या दोघांना एक रेघ दिसली. एका बाजूला न्यूयॉर्कच्या हिमोफिलिया रुग्णाचं सीरम, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं रक्त. नेहमीच्या रेघांत स्निग्ध पदार्थ असल्याने त्या निळ्या रंगायच्या. ही तशी रंगेना. दुसरा रंग टाकला तर लालभडक झाली. हे प्रथिन काय आहे, कुणालाच कळेना. नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन', आणि १९६५ मध्ये शोधनिबंध छापून आला तो रक्ताच्या कर्करोगाचा धागा धरून! कारण ते प्रथिन त्या रुग्णांमध्ये जास्त सापडत होतं. खरं कारण पुढे कळलं: त्या रुग्णांना सतत रक्त चढवलं जायचं, आणि त्या रक्तातूनच ते येत होतं.

मग ब्लूमबर्गांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंना थकवा वाटू लागला. त्यांनी आपल्याच चाचणीने आपलंच रक्त तपासलं. एरवी कधी न उमटणारी रेघ उमटली. थोड्याच दिवसांत त्यांना कावीळ झाली. त्या पुढे पूर्ण बऱ्या झाल्या, पण कोडं सुटलं: ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं वरचं आवरण. तोक्योचे ओकोची आणि न्यूयॉर्कचे आल्फ्रेड प्रिन्स हेही आपापल्या वाटेने तिथेच पोचत होते. आज रक्तपेढीच्या अहवालात 'एचबीएसएजी' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच प्रथिन. जुने डॉक्टर आजही त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात.

ब्लूमबर्गांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. हे गृहस्थ पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेत परग्रहावरच्या जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले! २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस; म्हणून त्या दिवशी जगभर हिपॅटायटिस दिन पाळतात.

पैसे मोजले आणि कावीळ वाढली

हा किस्सा मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण तो आजही आपल्या गल्लीत घडतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रक्ताचा मोठा वाटा विकत घेतला जायचा. नड असलेला माणूस यायचा, बाटलीभर रक्त द्यायचा, पैसे घेऊन जायचा. हार्वी आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. रक्त चढवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांच्या यकृताला सूज आलेली! १९७० मध्ये त्यांच्या रुग्णालयाने दोन निर्णय घेतले: पैसे घेणाऱ्या दात्यांचं रक्त बंद, आणि प्रत्येक पिशवीची ऑस्ट्रेलिया अँटिजेनसाठी चाचणी. प्रमाण शेकडा दहाच्या आसपास उतरलं.

त्याच वर्षी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांचं 'द गिफ्ट रिलेशनशिप' हे पुस्तक आलं. त्यांनी ब्रिटनचं मोफत रक्तदान आणि अमेरिकेची रक्तखरेदी शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं की विकत घेतलेलं रक्त जास्त धोक्याचं असतं. कारण सरळ आहे. पैसे मिळणार असतील तर 'तुम्हाला कधी कावीळ झाली होती का' या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यात माणसाचा तोटा असतो. १९७८ पासून अमेरिकेत पिशवीवर दाता 'स्वयंसेवी' की 'पैसे घेणारा' हे छापणं सक्तीचं झालं, आणि पैसे घेणाऱ्यांचं रक्त रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसंच झालं.

आपल्याकडे? धंदेवाईक रक्तदाते रुग्णालयांच्या दाराशी उभे असायचे, हे पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी पाहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकायला देशात बंदी आली. स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ मात्र मुंबईत त्याच्या खूप आधी रुजली होती. लीला मुळगावकर यांनी १९५० च्या दशकातच रक्तदान शिबिरं भरवायला सुरुवात केली होती. आज गणेश मंडळांपासून शिवजयंती, आंबेडकर जयंतीपर्यंत शिबिराशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही आणि रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर असतो, त्यामागे ही सगळी पुण्याई आहे.

पण एक गोष्ट खटकते, ती बोलायलाच हवी. शिबिराच्या फलकावर 'प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू' असं ठळक अक्षरात लिहितात. हेल्मेट, बॅग, मिक्सर, क्वचित आणखी मोठं काही. आयोजकांचा हेतू चांगला असतो, पण त्या मिक्सरपायी एखादा माणूस फॉर्ममधल्या प्रश्नावर खोटी टिक करतो, तेव्हा तो टिटमसच्या पुस्तकातलाच दाता असतो. चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र, टाळ्या द्याव्यात. भेटवस्तू बंद कराव्यात.

नातेवाइकांकडून घाईघाईत घेतलेल्या बदली रक्ताचंही असंच. सासरा आयसीयूत आहे, सगळे बघतायत, अशा वेळी जावई 'माझ्या रक्तात काहीतरी निघालं होतं' असं म्हणू शकतो का? स्वेच्छेने, निवांत, कुणाच्या दबावाविना दिलेलं रक्त म्हणून अधिक सुरक्षित.

ए नाही, बी नाही, मग कोण?

चाचणी आली, विकत घेतलेलं रक्त बंद झालं, तरी शंभरातले दहा उरलेच. १९७५ मध्ये त्यांचे नमुने तपासले तेव्हा ना ए सापडला, ना बी. शास्त्रज्ञांनी सावधपणे त्याला म्हटलं, 'नॉन-ए, नॉन-बी'. हे तात्पुरतं नाव पुढची १४ वर्षं चाललं! कारण हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना, प्रयोगशाळेत वाढेना.

आल्टर यांनी या काळात एक मोलाचं काम केलं: दात्यांचे आणि रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून जपले. कुणी येऊन म्हणालं की मला चाचणी सापडली, की ते सांकेतिक क्रमांक टाकलेल्या नळ्या पाठवायचे. कुठल्या नळीत विषाणू आहे ते फक्त आल्टरना ठाऊक. अनेक जण या परीक्षेत नापास झाले.

पास झाली ती कॅलिफोर्नियातली कायरॉन कंपनी. तिथे मायकल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातून जनुकांचे लाखो तुकडे वेगळे केले आणि रुग्णांची प्रतिपिंडं नेमकी कुठल्या तुकड्याला चिकटतात ते पाहिलं. वर्षानुवर्षांच्या चाळणीतून एकच तुकडा हाती लागला. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी जाहीर झाला. हा विषाणू कुणी डोळ्यांनी बघण्याआधीच त्याची चाचणी तयार होती. १९९० पासून अमेरिकेत दात्यांची तपासणी सुरू झाली. भारतात सीची चाचणी २००१ मध्ये सक्तीची झाली.

हॉटन मोठे दिलदार. २०१३ मध्ये कॅनडाचा मानाचा गेर्डनर पुरस्कार त्यांनी नाकारला, कारण त्यात चू आणि कुओ यांची नावं नव्हती. २०२० मध्ये आल्टर, हॉटन आणि आणखी एक शास्त्रज्ञ चार्ल्स राइस यांना नोबेल मिळालं. पहाटे आलेले पहिले दोन फोन आल्टरनी उचललेच नाहीत!

सीची चाचणी नव्हती त्या काळाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. 'द बॉडी शॉप'च्या संस्थापक अनिता रॉडिक यांना १९७१ मध्ये बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून सीची लागण झाली. त्यांना ते कळलं २००४ मध्ये. आयर्लंडमध्ये एका बाधित स्त्रीच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून, बनवलेलं इंजेक्शन १९७७-७८ मध्ये बाळंतिणींना दिलं गेलं आणि शेकडो स्त्रियांना लागण झाली. ते उघड झालं १९९४ मध्ये. ब्रिटनमधल्या चौकशी आयोगाने मे २०२४ मध्ये अहवाल दिला: दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे तिथे ३० हजारांहून जास्त लोक एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसने बाधित झाले. त्यांतले काही रक्तघटक अमेरिकेतल्या तुरुंगांतल्या कैद्यांकडून पैसे देऊन गोळा केलेल्या प्लाझ्माचे होते. पुन्हा तेच, पैसे.

पुण्याचा वाटा

ईची कथा आपल्या जवळची आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. सगळे धरून चालले की ही ए. जपून ठेवलेले त्या साथीचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या श्रीनिवासन, खुर्शीद पावरी आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा १९८० मध्ये कळलं की ही ए नाहीच. पुण्यातल्या १९७८-७९ च्या साथीचे नमुनेही तेच सांगत होते. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही याच निष्कर्षाला आले होते.

विषाणू प्रत्यक्ष दाखवला तो रशियाच्या मिखाइल बालायान यांनी, आणि कसा! अफगाणिस्तानातल्या आजारी सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क ते स्वतः प्यायले, आजारी पडले आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणूचे कण शोधून १९८३ मध्ये जगाला दाखवले.

ई पाण्यातून येतो म्हणून रक्तपेढ्या निर्धास्त होत्या. पुण्याच्याच संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि लीना चोबे यांनी २००० च्या सुमारास दाखवून दिलं की रक्त चढवण्यातूनही ई जाऊ शकतो. पुढे इंग्लंडमध्ये सव्वादोन लाख पिशव्या तपासल्या. ७९ पिशव्यांत ई निघाला. तिथे तो येतो मुख्यतः नीट न शिजवलेल्या डुकराच्या मांसातून. ब्रिटनमध्ये आता दात्यांची ईसाठीही तपासणी होते.

डीचं थोडक्यात. मारिओ रिझेट्टो यांनी १९७७ मध्ये इटलीत शोधला. माणसाला छळणाऱ्या विषाणूंमध्ये याची जनुकसामग्री सगळ्यात तोकडी. याला स्वतःचं आवरणही नाही. बीचं उसनं घेतो. म्हणून बीची लस टोचली की डीपासूनही सुटका.

अमिताभ आणि ६० बाटल्या

'कुली'च्या चित्रीकरणात १९८२ मध्ये अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. मुंबईत त्यांच्यासाठी रक्त द्यायला रांगा लागल्या. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे: सुमारे २०० दात्यांचं ६० बाटल्या रक्त त्यांना चढवलं गेलं आणि त्यांतल्या एका दात्याला हिपॅटायटिस बी होता. त्यांना स्वतःला हे जवळजवळ दोन दशकांनी, नेहमीच्या तपासणीत कळलं. तोवर ७५ टक्के यकृत निकामी झालेलं. २०१७ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेचे हिपॅटायटिससाठीचे सदिच्छादूत झाले आणि हे सगळं मोकळेपणाने सांगतात. ज्या दात्याने ते रक्त दिलं, तो जीव वाचवायलाच आला होता. त्यालाही ठाऊक नसणार.

खळगा पिवळा झाला

रक्त घेतल्यावर पिशवी थेट रुग्णाकडे जात नाही. ती 'तपासणी बाकी'च्या शीतकपाटात थांबते. तिच्यासोबत भरलेल्या छोट्या नळ्या प्रयोगशाळेत जातात. कायद्याने प्रत्येक पिशवीच्या पाच चाचण्या सक्तीच्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया.

बीची एलायझा चाचणी बघण्यासारखी असते. तळहाताएवढी प्लास्टिकची पारदर्शक प्लेट, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी बीला पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली. त्यात दात्याचं सीरम टाकायचं. विषाणूचं प्रथिन असेल तर ते तळाशी अडकतं. मग धुवायचं. नंतर दुसरी प्रतिपिंडं टाकायची, ज्यांच्या अंगाला रंग घडवणारं विकर जोडलेलं असतं. पुन्हा धुवायचं, आणि हे धुणं फार महत्त्वाचं. आळस केला की निकाल चुकतो. शेवटी रंगद्रव्य. ज्या खळग्यात काही नाही तो पाण्यासारखा नितळ. ज्यात बी आहे तो निळा होतो, आणि आम्लाचा थेंब पडला की झर्रकन पिवळा. यंत्र पिवळेपणा मोजतं. तंत्रज्ञ तोच नमुना पुन्हा लावून बघतो. तरीही पिवळा आला की पिशवी बाद. बाद पिशवी निर्जंतुक करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्याच पिशवीत टाकतात.

एका दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. म्हणजे एक पिशवी तीन रुग्णांकडे जाऊ शकते. चाचणी चुकली तर घरंही तीन.

चाचणीला मर्यादा आहे. लागण झाल्यावर बीचं प्रथिन एलायझात दिसायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. सीची प्रतिपिंडं दिसायला दोन महिन्यांहून जास्त. या मधल्या काळात रक्तात विषाणू असतो आणि खळगा नितळ राहतो. 'नॅट' ही चाचणी विषाणूची जनुकंच शोधते आणि हा काळ बराच कमी करते. सीच्या बाबतीत तर आठवडाभराच्या आसपास आणते. ती महाग आहे आणि आपल्याकडे सक्तीची नाही, काही रक्तपेढ्याच करतात. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर लागतं. निदान त्यांच्यासाठी तरी नॅट सगळीकडे मोफत असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

'लहानपणी कावीळ झाली होती, देऊ का?'

शिबिरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर काविळीच्या जातीवर अवलंबून. जन्मल्या-जन्मल्या बाळाला येते ती कावीळ असेल, किंवा पित्ताशयाच्या खड्यांमुळे झाली असेल, तर अडचण नाही. ए किंवा ई झाली असेल आणि तसा अहवाल असेल, तर बरं झाल्यावर वर्षभर थांबायचं. बी किंवा सी असेल तर कधीच नाही. आणि कुठली होती ते माहीतच नसेल, तरीही नाही. सी औषधांनी पूर्ण बरा झाला तरी त्याची प्रतिपिंडं रक्तात राहतात, म्हणून रक्तदान बंदच.

टॅटू काढला, कान-नाक टोचलं? वर्षभर थांबा. घरात जोडीदाराला हिपॅटायटिस आहे? वर्षभर थांबा. नुकतीच बीची लस घेतली? तेही सांगा, कारण लशीतलंच प्रथिन काही दिवस चाचणीत उमटू शकतं आणि उगाच धावपळ होते.

आणि काविळीची माळ घालणाऱ्यांसाठी: सुकत जाणाऱ्या काड्यांचे वेढे सैल होतात म्हणून माळ लांबते. एची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. बी आणि सी मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही आत यकृत पोखरत राहतात.

आजारी रक्तातून आलेली लस

बाद झालेल्या रक्तानेही एकदा कमाल केली. बीची पहिली लस १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती बीच्या वाहकांच्या प्लाझ्मातलं प्रथिन गाळून, विषाणू पुरता मारून बनवलेली. वाहकाच्या रक्तात खऱ्या विषाणूपेक्षा रिकामी आवरणं कितीतरी जास्त तरंगत असतात, त्यामुळे ते जमलं. १९८६ मध्ये हेच प्रथिन यीस्टकडून बनवून घेतलं, आणि जनुकतंत्राने केलेली माणसांसाठीची ती पहिली लस ठरली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वदेशी लस आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. यकृताचा कर्करोग टाळणारी ही लस आता सरकारी लसीकरणात जन्मल्यापासून २४ तासांत मोफत देतात. तैवानने १९८४ मध्येच बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधलं बीचं प्रमाण शेकडा दहावरून एकाच्या खाली आलं.

रक्तपेढीचा फोन आला तर

सुई नवी, निर्जंतुक असते. रक्त दिल्याने तुम्हाला कावीळ होत नाही. फोन आला याचा अर्थ विषाणू आधीपासून होता, आणि तुम्हाला तो लवकर कळला. घाबरू नका, पण टाळूही नका. रक्तपेढीची चाचणी संशय दाखवते. खात्रीसाठी पुढच्या तपासण्या लागतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात नेमलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधं मोफत मिळतात. सी असेल तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले पंचाण्णव पूर्ण बरे होतात. बी असेल तर औषधांनी ताब्यात राहतो. बायको, नवरा, मुलं, भावंडं यांची तपासणी करून घ्या आणि ज्यांना लागण नाही त्यांना बीची लस टोचून घ्या.

आणि पुढच्या शिबिरात फॉर्म मित्राला भरायला देऊ नका. कोपऱ्यात बसून, एकेक प्रश्न वाचून, खरा भरा. काही अडचण असेल तर आत डॉक्टरांच्या कानावर घाला. ती गोष्ट त्यांच्यापाशीच राहते. आणि रक्त देऊन घरी आल्यावर काही आठवलं, तर त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करून पिशवी थांबवायला सांगा. नंबर तुमच्या कार्डावर असतो.